पालथा गिलास

तो गिलास मी सुलटा केला होता. हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. आईपुढे नाही, बायकोपुढे नाही, आणि ज्यांच्यापुढे बोलायला हवं होतं त्यांच्यापुढे तर नाहीच. आता पन्नाशी उलटून गेली आहे आणि बोलायची सवय मला तशीही कमीच. पण नुसतं एवढंच लिहून थांबलो तर कुणाला काही कळायचं नाही. बाहेरच्या माणसाला गिलास पालथा काय आणि सुलटा काय, दोन्ही सारखंच. म्हणून आधी आमच्या दुकानाचं सांगतो.

दुकान दारूचं. धान्याच्या मोंढ्यामागच्या बोळीत, दगडी ओट्याचं, वर पत्रे. बाजाराच्या दिवशी साखऱ्याकडची, सेनगावकडची माणसं जीपमधून उतरायची, सोयाबीन-तुरीचं माप करून घ्यायची आणि परतीची गाडी भरेपर्यंत आमच्या ओट्यावर बसायची. पाटीवर सरकारी भाषेत काहीबाही लिहिलेलं होतं, पण सगळे त्याला गुत्ताच म्हणत. निजामाच्या काळात तिथं शिंदीचा गुत्ता होता, म्हणजे शिंदी विकायचं कंत्राट. ते ज्यांच्याकडे होतं ते गुत्तेदार आमच्या दुकानाचे पहिले मालक. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण बाबांच्या बोलण्यात ते इतके येत की, त्यांचं खोकणंसुद्धा मला ऐकल्यासारखं वाटतं.

बाबा त्यांच्याकडे कामाला होते. आधी ओढ्याकाठच्या झाडांची शिंदी आणून द्यायची, पुढे गल्ल्यावर बसायचं. मधल्या दारूबंदीच्या वर्षांत तिथं नुसता चहा विकला जायचा. पुन्हा परवाने निघाले तेव्हा गुत्तेदार थकले होते, मूलबाळ नव्हतं. त्यांनी किल्ल्या बाबांच्या हातात दिल्या. दुसरे मालक बाबा. तिसरा मी. माझ्यानंतर कुणी नाही, कारण दुकानच राहिलं नाही.

गिलासाचा नेम गुत्तेदारांच्या वेळचा. बाबा सांगत, एका बाजारात मेंढ्या विकायला आलेला एक माणूस दुपारपासून पीत बसला होता. त्याची बायको लेकरू कडेवर घेऊन आली. चार पुरुषांत बोलायची सोय नव्हती. तिनं पदर पुढे ओढला, नवऱ्याच्या पुढ्यातला मातीचा पेला उचलला आणि दगडावर पालथा घातला. शिंदी ओट्यावरून खाली ओघळली. नवरा हात उगारून उठला, तसे गुत्तेदार गल्ल्यावरून उठून मध्ये उभे राहिले.

"तिनं पालथा घातला, आता तीच सुलटा करंल. तवर मी वतणार न्हाई. आन घरी जाऊन यावर एक शबूद काढायचा न्हाई. काढलास तर या वट्यावर पाय ठेवायचा न्हाई."

गुत्तेदार काही समाजसुधारक नव्हते. बाबांचंच म्हणणं, त्यांना दुकानात तमाशा नको होता, एवढंच. पण गोष्ट गावभर झाली. पुढच्या बाजारी दुसरी बाई आली, मग तिसरी. तो नेमच पडून गेला. ज्याच्या घरच्या बाईनं गिलास पालथा घातला त्याला दारू मिळायची नाही, आणि त्यावर घरात दोघांनी बोलायचं नाही. त्यानं 'काहून' म्हणून विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही. सगळं बोलणं काय ते त्या गिलासानं करायचं.

चहाच्या वर्षांतही तो मोडला नाही म्हणतात. एक म्हातारा चहाच्या नावाखाली दिवसभर ओट्यावर पत्ते कुटायचा. त्याच्या म्हातारीनं येऊन त्याचा चहाचा गिलास पालथा घातला. गुत्तेदारांनी त्याला चहा द्यायचं बंद केलं. म्हातारा गयावया करू लागला, "अवो, च्या हाय नुसता," तर म्हणाले, "मग काय झालं, नेम सगळ्याला बराबर."

बाबांच्या काळात काचेचे गिलास आले. रोजच्या माणसाचा गिलास ठरलेला, बुडाला रंगाचा ठिपका. भिंतीच्या फळीवर ते ओळीनं असत, आणि सगळे सुलटे. जगात सगळीकडे धुतलेला गिलास पालथा ठेवतात, आमच्याकडे सुलटा ठेवून वरून फडकं टाकत. नवीन माणूस हसायचा, धूळ खायला घालता का म्हणायचा. पण फडकं उचललं की कुठला पालथा आहे ते एका नजरेत दिसायचं. बायका सकाळी यायच्या, दुकान भरायच्या आधी, मागच्या दारानं. बाबा मान खाली घालून बाजूला व्हायचे. बाई फळीशी जायची, ठिपका बघायची, गिलास पालथा घालायची आणि निघून जायची. काही जणी महिन्याभरानं येऊन सुलटा करत. काही कधीच येत नसत.

आम्ही दारूवाले, त्यामुळे आईला गल्लीत हळदीकुंकवाचं बोलावणं येत नसे. पण संक्रांतीला एखादी अनोळखी बाई दाराशी यायची, आईला कुंकू लावायची, हातात तिळगूळ ठेवायची आणि नाव न सांगता जायची. आई म्हणायची, तुझ्या बाबांच्या फळीवर हिचा गिलास असणार. बाबांवर बायकांचा असा भरवसा होता. मालक असणं म्हणजे बाटल्या विकणं नव्हे, हा भरवसा सांभाळणं, हे त्यांनी मला कधी शब्दांत सांगितलं नाही. मी ते ओळखायला हवं होतं.

आता मापाड्याचं.

मोंढ्यात तो काट्यावर असायचा. पोतं चढलं की मोजणी गात म्हणायचा. पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्याचं ते "लाऽभ" आमच्या बोळीपर्यंत ऐकू यायचं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा असेल. कयाधूच्या डोहात मला पोहायला त्यानंच शिकवलं, कमरेला वाळके भोपळे बांधून. संध्याकाळी दुकानात आला की ओट्यावरची मरगळ उडून जायची. पहिला घोट घेताना गिलास उंच धरून तो म्हणायचा, "लाऽभ." मग सगळेच म्हणायचे. त्याच्या गिलासाच्या बुडाला निळा ठिपका होता.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. मोंढ्यालगतच्या शेडमध्ये त्या हळद निवडायला जात. बोलणं फार थोडं. बोटं पेरापेरापर्यंत पिवळी, धुऊनही न जाणारी. त्या वर्षी दिवाळीच्या पुढेमागे मापाड्याचे डोळेही तसेच पिवळे झाले. नांदेडला दाखवून आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता एक थेंब घेतला तरी खैर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मागच्या दारानं आल्या. मी फळीशीच होतो. त्यांनी निळ्या ठिपक्याचा गिलास काढला, क्षणभर दोन्ही हातात धरला आणि पालथा घातला. काचेवर हळदीची बोटं उमटली. बाबांनी मला नंतर बजावलं, तो पुसू नको, राहू दे तसाच.

मापाड्यानं नेम पाळला. यायचा, फुटाणे खायचा, सोडा प्यायचा, बसायचा. हळूहळू त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. पण मोजणी गाणं बंद झालं होतं. दुकानात तो असून नसल्यासारखा. मला त्याची फार आठवण यायची, तो समोर बसलेला असताना.

एवढंच असतं तर मी त्या गिलासाला हात लावला नसता. खरं कारण हलकं आहे, तेही लिहितो. मी सव्वीस वर्षांचा होतो, लग्न ठरत होतं, आणि बाबा मला अजून दुकानात एकट्याला बसू देत नव्हते. म्हणायचे, तुला अजून गिलास कळत नाही. ओट्यावरच्या लोकांना ते ठाऊक होतं. ते मला धाकले मालक म्हणून हाक मारत आणि हसत. होळीच्या आधीच्या बाजारी हमालांपैकी कुणीतरी गमतीनं म्हणालं, धाकले मालक, आज मापाड्याला पाजा की. मी म्हणालो, गिलास पालथा आहे. तेव्हा मापाडी माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "राहू द्या रे. याच्यानं एक गिलास सुलटा व्हईना, आन दुकान चालवून राहिला."

सगळा ओटा हसला. त्यानं ते माझी बाजू घेऊनच म्हटलं होतं, लोकांनी विषय सोडावा म्हणून. हे मला आज दिसतं. त्या दिवशी कानशिलं तापली, तेवढंच.

पुढच्या बाजाराला बाबा डोंगरकड्याला सोयरिकीच्या बैठकीला गेले. माझ्याच सोयरिकीच्या. जाताना पहिल्यांदा किल्ल्या माझ्याकडे दिल्या. मी सकाळी दुकान उघडलं, झाडून घेतलं, फळीवरचं फडकं काढलं. मागच्या दारानं कुणी आलं नाही. मी निळ्या ठिपक्याचा गिलास घेतला. वहिनींची बोटं अजून त्यावर होती. फडक्याचं टोक ओलं करून मी ती पुसली, अगदी बुडापर्यंत, आणि गिलास सुलटा ठेवला. बरं वाटलं. मालक झाल्यासारखं वाटलं.

दुपारी मापाडी आला. सवयीनं फळीकडे बघितलं आणि थांबला.

"कवा आली व्हती?" त्यानं विचारलं.

"सकाळी," मी म्हणालो.

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. मला वाटलं होतं तो खूश होईल, सगळ्यांदेखत मला मालक म्हणेल. तो बारक्या आवाजात म्हणाला, "म्हंजे तिला माझा भरवसा आला म्हणायचा."

मी ओतली. त्यानं गिलास उंच धरला आणि "लाऽभ" म्हणाला. सगळा ओटा म्हणाला. मीही म्हणालो.

संध्याकाळी बाबा परतले, फळीकडे बघून तेही थांबले. विचारलं, तिनं सोताच्या हातानं? मी व्हय म्हणालो. बाबांनी मान हलवली. पुढे महिनोन् महिने त्याला बाबाच ओतत राहिले, नेमानं, कारण गिलास सुलटा होता.

वाचणारा म्हणेल, नवराबायकोत इतक्या दिवसांत एकदाही विषय निघाला नाही? नाही निघाला. नेमच तसा होता, आणि तो मोडायचा नाही एवढे दोघंही सरळ होते. वहिनींना त्याच्या तोंडाचा वास यायचा, तेव्हा त्या समजायच्या की हा सेनगाव रस्त्यावरच्या धाब्यावर जातो. आमच्याकडे मिळत असेल ही शंका त्यांना आली नाही, आणि ओट्यावरचं कुणी त्यांच्यापुढे बोललं नाही. आणि तो समजत होता, बायकोनं मुभा दिली आहे, आपण जपून प्यावी. जपून म्हणजे किती, ते त्याला कधीच जमलं नव्हतं.

मी कुठल्याही सकाळी गिलास परत पालथा घालू शकलो असतो. खोटं बोललो म्हणून बाबांना सांगू शकलो असतो. ते मला बोलले असते, किल्ल्या काढून घेतल्या असत्या, सोयरीक मोडली असती कदाचित. त्याहून जास्त काही झालं नसतं. मी स्वतःला सांगायचो, तो ठीक दिसतो आहे, पोळ्यानंतर बघू. पोळ्याच्या आधीच त्याचं पोट फुगलं. नांदेडला नेलं, पण डॉक्टरांनी ठेवून घेतलं नाही.

तेराव्याला त्यांच्या दारात मांडव होता. मी वाढायला होतो. पंगत बसलेली असताना मापाड्याची आई वहिनींकडे बघून मोठ्यानं बोलली, की हिनंच माझ्या लेकाला मोकळं सोडलं, हिनंच जाऊन गिलास सुलटा केला. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी न्हाई." एवढंच दोनदा म्हणाल्या. तेव्हा दिरानं भरपंगतीत बाबांना विचारलं, तुमीच सांगा, तुमचं दुकान हाय. बाबा पानावरून उठले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, माझं नाव मध्ये आणायचं नाही म्हणून. जे सांगायचं ते स्वतःच्या शब्दावर सांगितलं.

"माझ्या दुकानात तिच्या हाताबिगर गिलास सुलटा व्हत न्हाई," बाबा म्हणाले. "झाला म्हंजे तिनंच केला."

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी पुढच्या पानावर भात वाढला. मग त्याच्या पुढच्या.

त्यानंतर आठवडाभरानं असेल, सकाळी मागच्या दारानं वहिनी आल्या. पांढरं कपाळ, बोटं तशीच पिवळी. त्या फळीशी गेल्या. मेलेल्या माणसाचा गिलास आम्ही अजून काढला नव्हता. त्यांनी तो उचलला, पालथा घातला आणि तळहात त्यावर दाबून धरला, ठसा उमटेल असा. मग बाबांकडे बघितलं. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, बाईला आता पस्तावा होऊन राहिला, आता काय उपयोग. मला समजलं होतं त्या काय सांगून गेल्या. मी पालथा घातला, एवढंच केलं होतं, याच्यापुढचं माझं नाही, असं सांगून गेल्या. ते समजणारा तिथं मी एकटाच होतो.

मग बायका यायच्या थांबल्या. आधी वाटलं योगायोग असेल. पण गावात बोललं जाऊ लागलं, की गिलास पालथा घालावा तर पुढे जे होईल ते बाईच्याच माथी येतं. संक्रांतीला आईच्या दाराशीही कुणी आलं नाही. बाबा फडकं उचलून फळीकडे बघत बसायचे. सगळे गिलास सुलटे. ते कुणावर चिडले नाहीत, फक्त मागच्या दाराची कडी सकाळी काढून ठेवायचे, पुढे कितीतरी वर्षं. तशीच उघडी कडी ठेवून एका पावसाळ्यात गेले. शेवटच्या दुखण्यात मी रोज त्यांचे पाय चेपायचो, रोज तोंडापर्यंत यायचं. एकदा त्यांनीच विचारलं, काही बोलायचं हाय का तुला? मी म्हणालो, न्हाई.

मी दुकान चालवलं, पण गुत्ता म्हणून नाही. प्लास्टिकचे गिलास आणले, एकदा वापरून फेकायचे. लोकांना वाटलं, पोरगं सुधारलं. बायपासला बार झाले, आमचा ओटा ओस पडत गेला, शेवटी परवाना देऊन टाकला. त्याच ओट्यावर आता मी ठिबकच्या नळ्या विकतो. फळी तशीच आहे, तिच्यावर जोडण्यांची खोकी असतात. निळ्या ठिपक्याचा गिलास मी घरी आणून माळ्यावर ठेवला, पालथाच. त्याला पुन्हा हात लावला नाही. आणि घरात धुतलेले गिलास बायको पालथे घालते, ते मी येताजाता सुलटे करतो. ती म्हणते, दुकान गेलं पण खोड गेली नाही. मी हसतो.

इतकी वर्षं गप्प राहिलो, तसा पुढेही राहिलो असतो. पण यंदा उन्हाळ्यात वहिनी दुकानात आल्या. आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. दिराच्या शेतात ठिबक करायचं, त्याचा पोरगा नळी मोजून घेत होता, तोवर त्या ओट्यावर टेकल्या. मी पाणी दिलं. गिलास हातात घेऊन त्या फळीकडे बघत होत्या. मग अगदी सहज, पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलल्या.

"तुमचे बाबा देवमाणूस व्हते. मला सगळ्या गावात त्यांचा भरवसा. पर तेवढं एक खोटं काहून बोलले असतील, ते मला आजपतोर उमगलं न्हाई. दुकान वाचवायला बोलले असतील. बोलू द्या. मी रागानं त्यांच्या मयतीला आले न्हाई, ते मातर लागून राहिलं मनाला. आता त्यांना कुठं सांगू. तुमाला सांगते, भाऊजी. माफ करा."

म्हणजे इतकी वर्षं त्यांनी बाबांना खोटं धरलं होतं. आणि बाबांनी त्यांना. दोघांनीही आयुष्यात खोटं केलेलं नव्हतं, आणि दोघांच्या मधोमध मी बसलेलो होतो. आता त्या माझी माफी मागत होत्या.

मी म्हणालो, "राहू द्या वहिनी."

त्यांनी पाणी पिऊन गिलास खाली ठेवला. ठेवताना एकदा माझ्याकडे बघितलं. मग पोरग्यानं हाक मारली, नळीचं भेंडोळं मोटारसायकलला बांधून झालं होतं. त्या गेल्या.

त्या रात्रीपासून हे लिहायला घेतलं. लिहिताना थोडं हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. कारण वहिनींना वाचता येत नाही. हा कागद त्यांच्यापर्यंत जाणार नाही, तुमच्यापर्यंत जाईल, आणि तुमचं मी काही बिघडवलेलं नाही.

त्यांच्या दिराच्या दारात, जिथं तेराव्याचा मांडव होता तिथं, चार माणसं बोलावून, त्यांच्यासमोर उभं राहून मला तोंडानं सांगायचं आहे, की गिलास तुमी सुलटा केला न्हाई, बाबा जाणून खोटं बोलले न्हाईत, मी केला आणि मी बोललो. हे देणं माझ्यावर आहे. आज हे लिहून संपवतो आहे तोवर मी ते दिलेलं नाही.